काढायचं आणि परत बसवायचं

भीमराज साळवेचा एक ठरलेला उपाय होता. काहीही बंद पडलं की आधी काढायचं, फुंकर मारायची आणि परत बसवायचं. रेडिओचा सेल असो, टीव्हीची पिन असो, कारखान्यातल्या पॅनलचं कार्ड असो, नाहीतर कॉम्प्युटरची वायर. दहातली आठ दुखणी एवढ्यावर बरी होतात असं तो सांगायचा, आणि खोटं कशाला बोला, व्हायचीही. उरलेल्या दोनांसाठी मग मीटर, पक्कड आणि डोकं. काष्टीच्या आठवडी बाजारात पाल टाकून रेडिओ दुरुस्त करायचा तेव्हाही त्याचं हेच, आणि पुढं नगरच्या नागापूर एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला चिकटला तेव्हाही हेच. कारखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा साहेब लोक त्यांना हात लावायला भ्यायचे. भीमराजनं डिक्शनरी घेऊन त्यांची पुस्तकं वाचली, आणि वाचून झाल्यावर पहिलं काय केलं, तर सगळ्या वायरी काढल्या आणि परत बसवल्या.

नव्याण्णव सालच्या एप्रिलातली गोष्ट. बाबासाहेबांची जयंती होऊन आठवडा झाला होता. त्या दिवशी त्याला साप्ताहिक सुट्टी होती. पन्नाशीला आलेल्या माणसानं सुट्टीच्या दिवशी अंग टाकून पडावं की नाही? पण हा सकाळच्या दौंड गाडीत बसून काष्टीला निघाला. मांडीवर हत्यारांची पिशवी, गुडघे पुढच्या सीटला टेकलेले, खिडकीतून सकाळीच तापलेला वारा. कंडक्टरनं दोनदा विचारलं तेव्हा त्याला कळलं की आपल्याला तिकिटाचं विचारताहेत.

काष्टीहून पत्रिकावाल्या अमृतचे, कॉम्प्युटर अडलाय म्हणून, तीन फोन आले होते हे खरं. पण फोन नसते आले तरी हा माणूस त्या दिवशी कुठंतरी गेलाच असता. त्याला घरात बसवत नव्हतं. घरात त्याची लेक शुभांगी होती, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिला श्रीरामपूरला सासरी नेऊन पोचवायचं ठरलं होतं. चार माणसं बसणार, दोन्हीकडचं ऐकणार, समजूत घालणार आणि पोरीला ठेवून घेणार. पंकज, म्हणजे जावई, नीट वागेन असं चारचौघांत म्हणणार. याआधीही तो तीनदा म्हणाला होता. या दोन वर्षांत शुभांगी चारदा माहेरी आली होती, तीनदा भीमराजनं तिला परत नेऊन सोडलं होतं, आणि उद्याची ही चौथी खेप. ती जायचं नाही म्हणत नव्हती. काहीच म्हणत नव्हती, तेच अवघड होतं. फेब्रुवारीत आली तेव्हा एकदाच म्हणाली होती, "बाबा, डाव्या कानानं नीट ऐकू येत नाही." भीमराज म्हणाला होता, "मळ झाला असंल. दवाखान्यात दाखवू." दवाखाना राहून गेला. आज निघताना ती बॅगेत साड्यांच्या घड्या लावत बसली होती आणि तो चपला घालून, तिच्याकडं न बघता बाहेर पडला. थकला होता बिचारा. असला थकवा झोपून जात नाही.

अमृतचं घर काष्टीत रस्त्यालाच लागून. बाप कारभारी शेती बघायचा आणि अमृतनं पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करून द्यायचं दुकान टाकलं होतं. मधल्या खोलीत दुसरा कॉम्प्युटर. त्यावर त्याची बायको रेश्मा बसायची, म्हणजे स्वयंपाकाकडंही लक्ष राहतं आणि कामही हलतं. पुढचं मशीन जुनं, त्यात जागा नाही. म्हणून सगळ्या पत्रिका आतल्या मशीनच्या मोठ्या डिस्कवर ठेवायच्या आणि पुढं बसून वायरीतून उघडायच्या, अशी सोय भीमराजनंच दोन वर्षांपूर्वी करून दिली होती. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत काळी वायर त्यानंच ओढली होती. त्या मोठ्या डिस्कला घरात सगळे आतली डिस्क म्हणत. त्या घराची ती कणगीच झाली होती म्हणा ना.

आता त्या कणगीला दोन दुखणी एकदम लागली होती. आठ दिवसांपासून पुढून ती उघडत नव्हती, आणि आत बसून नवीन काही साठवायला जावं तर जागा संपली म्हणून मशीन नकार देत होतं. ऐन लग्नसराईत सात घरच्या पत्रिका अडकलेल्या. एका नवरदेवाचं लग्न सोळा दिवसांवर आलं होतं आणि त्याची फाइल उघडली की नुसता कोरा कागद दिसत होता. अमृत कागद आणायला पुण्याला गेलेला. घरात रेश्मा, आणि आतल्या मशीनला खेटून टाकलेल्या बाजेवर तिची सासू राहीबाई, पुढ्यात सुपात गहू घेऊन.

"आलास का बाबा?" राहीबाई म्हणाली. "लई वाळलास रं."

"ऊन हाय मावशी," भीमराज म्हणाला आणि टेबलाखाली घुसला.

त्याआधी चहा झाला. भीमराजचा बाप रखमाजी याच घराच्या ओट्याखाली उभा राहून वरून ओतलेला चहा प्यायचा. भीमराजला आत, कपबशीत मिळायचा. दरवेळी त्याला ते आठवायचं, आणि दरवेळी तो चहा पिऊन कामाला लागायचा. बोलून काय करणार?

असल्या वायरीची एक गंमत असते. तिच्या दोन्ही टोकांना एकेक छोटी टोपी लावलेली असते. कुठल्याही एका टोकाची टोपी ढिली झाली की अख्खी वायर मुकी होते, दोन्ही मशीनला एकमेकांची ओळख राहत नाही. भीमराजनं आतली टोपी काढली, फुंकर मारली, परत बसवली. पुढची काढली, परत बसवली. मधले जोड काढले, परत बसवले. उंदरानं वायर कुरतडली की काय म्हणून भिंतीच्या कडेनं रांगत सगळी वायर चाचपली. मीटर लावलं. मध्ये अर्धा तास वीज गेली तेव्हा घाम पुसत बसला. वीज आल्यावर दोन्ही मशीन बंद करून परत चालू केली. गुडघ्यांनी तक्रार केली, कमरेनं तक्रार केली, आणि आतली डिस्क काही पुढून उघडेना.

रेश्मा दारात उभी होती. मघापासून तीनदा येऊन उभी राहिली होती आणि तीनदा आत गेली होती.

शेवटी पुढच्या मशीनवर त्यानं नीट बघितलं तर आतल्या मशीनचं नाव दिसत होतं. म्हणजे वायर धडधाकट! डिस्कच्या चित्रावर टिचकी मारली तर एक चौकोन आला आणि त्यानं पासवर्ड मागितला. भीमराजनं कपाळाला हात लावला. ह्या डिस्कला पासवर्ड नव्हता. त्यानं कधी ठेवलाच नव्हता.

"रेश्माताई," तो म्हणाला, "ह्याला कुलूप कुनी घातलं?"

रेश्मा पदराशी चाळा करत राहिली.

"अगं, दीड तास मी जमिनीवर लोळतोय. उंदराची भोकं शोधतोय. तवा बोलायला काय झालं हुतं तुला?"

"त्यांनासुद्धा सांगितलं नाही काका," ती म्हणाली. त्यांना म्हणजे अमृतला. "त्यांना वाटतंय व्हायरस आलाय. कुलूप त्यांच्यासाठीच घातलंय."

"नवऱ्यासाठी?"

"मीच घालाय लावलं," आतून राहीबाईचा आवाज आला. "तिला कशाला बोलतो? मला बोल."

भीमराजला आता खरंच वैताग आला होता. दुसऱ्याच्या घरातल्या भांडणात त्याचे गुडघे फुटले होते. "बरं, काय हाय पासवर्ड तेवढं सांग," तो म्हणाला. "मी उघडतो, दुरुस्त करतो आन दोनच्या गाडीनं जातो."

रेश्मानं तोंडानं सांगितलं नाही. रद्दी प्रूफाच्या पाठीवर पेन्सिलीनं इंग्रजीत लिहून दिलं. भीमराजनं चष्मा वर करून वाचलं. त्याच्या लेकीचं नाव होतं. शुभांगी.

त्याला वाटलं, योगायोग असेल. जगात काय एकच शुभांगी आहे? मग त्यानं रेश्माच्या तोंडाकडं बघितलं आणि तो उठून मधल्या खोलीत गेला.

राहीबाईनं सूप बाजूला सरकवलं होतं. "बस," ती म्हणाली. बाजेवरच जागा करून दिली. "तुला सांगायचं सांगायचं म्हनते आन जीभ रेटत न्हाई. दिवाळीत आमच्या अमृतनं ह्या डब्यातल्या जुन्या पत्रिका पुसल्या. जागा पायजे म्हनला. तुझ्या पोरीच्या लग्नाची हितंच केली हुती ना? ती बी पुसली. आन महिना झाला न्हाई तर बाजारात कळलं, पोरगी घरी आलीय म्हनून." तिचे डोळे भरले. "लग्नाची पत्रिका पुसत्यात व्हय रं? कागदाची आमी देवापुढं ठिवतो, फाडत न्हाई, चुलीत घालत न्हाई. आन ह्यानं बटन दाबलं. पोरीचा संसार आमच्या घरात बसून मोडला बग."

आता सगळा उलगडा झाला. तेव्हापासून राहीबाईनं फर्मान काढलं होतं की एकही पत्रिका पुसायची नाही. आणि पत्रिका काय एकेकच असते? प्रत्येकीच्या पाच-पाच नकला होत्या. पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, शेवटचं, एकदम शेवटचं, आणि नंतर मामाचं नाव घातलेलं. सहा महिन्यांत कणगी उतू गेली. अमृत परत पुसायला बघायला लागला, तेव्हा सुनेकडून पुढच्या वाटेला कुलूप घालून घेतलं, आणि आतल्या मशीनला खेटून स्वतः बाज टाकून राखणीला बसली. जागा उरली नाही म्हणून त्या नवरदेवाची फाइल अर्धी लिहिली गेली आणि कोरी झाली. वायरीचा बिचारीचा काडीचाही दोष नव्हता.

"रेश्मानं परत केलीय ती," राहीबाई म्हणाली. "कागदावरची बगून बगून. दाव गं त्यास्नी. नीट बग बाबा, काय चुकलं असंल तर सांग. जशीच्या तशी झाली तर पोरीचं बी..." पुढचं तिनं गिळलं.

रेश्मानं फाइल उघडली. भीमराजनं वाचली. वर मंगल परिणय. आयुष्मती शुभांगी. त्याखाली, कालकथित रखमाजी साळवे यांची नात. दोन वर्षांपूर्वी पहिल्या प्रूफात अमृतनं सवयीनं कैलासवासी घातलं होतं आणि भीमराजनं तांबड्या पेनानं खोडून बौद्ध रीतीचं कालकथित करून घेतलं होतं. रेश्मानं तेही बरोबर उचललं होतं. एका काना-मात्रेची चूक नव्हती. तो बराच वेळ बघत राहिला, कारण बघणं थांबवलं की बोलावं लागणार होतं.

भीमराजचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. बाबासाहेबांचं नाव घेणारा माणूस, छप्पन सालच्या धर्मांतरानंतर त्याच्या बापानं घरात नवससुद्धा बोलू दिला नव्हता. म्हातारीला दोन शब्द सुनावावेत असं त्याच्या मनात आलं.

"मावशी, दिवाळीत किती पत्रिका पुसल्या अमृतनं?"

"तुझ्या पोरीच्या लग्नाच्या मे महिन्याच्या समद्या. एकवीस का बावीस."

"मग बाकीच्या वीस पोरी आल्या का परत?"

राहीबाईला हे सुचलंच नव्हतं. "बाकीच्या नांदत्यात की," ती म्हणाली. "घोडेगावची तर बाळंत झाली."

"मग माझीच कशी आली?"

त्यानं विचारलं ते म्हातारीला गप्प करायला. पण प्रश्न तोंडातून निघाला आणि खोलीत त्याचं उत्तर ठाऊक असलेला माणूस एकच होता. राहीबाई त्याच्याकडं बघत होती. रेश्मा बघत होती. भीमराजनं चष्मा काढला, शर्टाला पुसला, आणि पुन्हा घालायचं विसरला.

"ती पयल्यांदा आली ना मावशी," तो म्हणाला, "तवा लग्नाला सहा महिने झालते. तवा तुमची फाइल जागच्या जागी हुती."

"आँ?"

"कुनाला कळू दिलं न्हाई मी. आठ दिवसांत नेऊन सोडली. मग दुसऱ्या उन्हाळ्यात आली, परत नेऊन सोडली. दिवाळीत आली ती तिसरी. तवा तुमाला बाजारात कळलं. तवा बी नेऊन सोडली. दरवेळी मला वाटायचं, जोड ढिला झालाय, परत नीट बसवला की चालंल. माझा धंदाच हाय तो. वायर काढली, फुंकर मारली, परत बसवली. लेकीलासुद्धा तसंच केलं मी. एकदा बी मीटर लावून बगितलं न्हाई, की बाबा, जळलंय कुठं. तिचा कान गेलाय मावशी. डावा. जावयानं मारलं त्यात. मी म्हनलो मळ झाला असंल."

त्याचा आवाज फुटला तेव्हा त्याची त्यालाच लाज वाटली. अमृतच्या घरात, दोन बायकांसमोर, हातात मीटर घेऊन तो रडत होता. राहीबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पन्नास वर्षांत त्या घरातल्या कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला नव्हता, हे त्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"आन उद्या?" थोड्या वेळानं राहीबाईनं विचारलं.

"उद्या अकराला परत नेऊन सोडायची हाय."

रेश्मानं पाणी आणलं. भीमराज पाणी प्याला, तोंडावरून हात फिरवला आणि मशीनसमोर बसला. रडणं झालं तरी काम व्हायचंच होतं. त्यानं आधी कुलूप काढलं. मग राहीबाईला विचारून, एकेक पत्रिका दाखवून, शेवटची नक्कल ठेवली आणि आधीची प्रूफं पुसली. म्हातारी प्रत्येक नावाला मान हलवत होती. अर्धी कणगी मोकळी झाली. कोऱ्या झालेल्या नवरदेवाचं दुसरं प्रूफ शाबूत सापडलं, फक्त मामाचं नाव परत घालायचं राहिलं. पुढच्या खोलीत जाऊन बघितलं तर टिचकीसरशी सगळं उघडत होतं. रेश्माला हायसं वाटलं, आज नवरा आला की काय सांगायचं हेही तिनं मनात जुळवायला घेतलं असावं.

मग भीमराजनं शुभांगीच्या नावावर बाण नेला. "ही बी पुसतो मावशी," तो म्हणाला.

राहीबाई दचकली. "नको रं बाबा. एक राहू दे. किती जागा खाती ती?"

"जागेसाठी न्हाई पुसत."

खरंच पुसायचं का, असं मशीननं इंग्रजीत विचारलं. भीमराजनं होय म्हटलं. राहीबाईनं डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता?"

"आता फोन करू द्या."

फोन पुढच्या खोलीत होता. श्रीरामपूरचा नंबर त्याला पाठ होता. व्याही घरात होते. "उद्या आम्ही येत नाही," भीमराज म्हणाला. श्रीरामपूरकरांशी तो नेहमी कारखान्यातलं शुद्ध मराठी बोलायचा. "नाही, परवाही नाही. आता पोरगी येणार नाही. तुम्ही चार माणसं बोलावली असतील तर त्यांना सांगा, बापानं नाही म्हटलं." पलीकडून बराच आरडाओरडा झाला. समाजात काय तोंड दाखवणार, असंही आलं. भीमराज ऐकत राहिला. दोन वर्षं तो याच वाक्याला भीत आला होता, आणि आता ऐकलं तर त्यात काही विशेष नव्हतं. त्यानं फोन ठेवला.

दुसरा फोन नागापूरला, शेजारच्या बन्सीकडं. बन्सीची बायको शुभांगीला बोलवायला गेली. भीमराज भिंतीला टेकून उभा राहिला. रस्त्यावरून दौंडकडं जाणारी गाडी गेली. नगरची त्याची दोनची गाडी केव्हाच गेली होती.

"हॅलो, बाबा?"

"शुभांगी, बॅग भरली का?"

"काय? थांबा, दुसऱ्या कानाला लावते." रिसीव्हर इकडचा तिकडं झाल्याची खरखर आली. "हां, बोला."

"बॅग भरली का म्हटलं."

"भरलीय बाबा. कधीच भरलीय."

"मोकळी कर."

बन्सीच्या घरातलं भांड्यांचं वाजणं तेवढं ऐकू येत होतं. मग तिनं अगदी सरळ आवाजात, रोजचं काहीतरी विचारावं तसं विचारलं, "मग परत कधी भरायची?"

"कधीच न्हाई," भीमराज म्हणाला. आणि तिला नीट ऐकू गेलं असेल की नाही म्हणून, तोंड फोनच्या अगदी जवळ नेऊन, परत एकदा म्हणाला, "कधीच न्हाई, पोरी."